ट्रेलरच्या आतले दिवे: थेट १२ व्होल्टवर आठ महिने

गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर असलेला जुना ट्रेलर आतून पूर्ण उघडून नव्याने बांधायला घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दिव्यांनी. रंग, गादी, कपाटं नंतर बदलता येतात. वायर एकदा छताच्या पॅनलमागे गेली की पुन्हा सगळं उचकटावं लागतं. म्हणून हा अनुभव पुरेसा वापर झाल्यावरच लिहायचा, असं ठरवलं होतं.

प्रश्न एवढाच होता: घरातले नेहमीचे दिवे लावून ते इन्व्हर्टरवर (बॅटरीतल्या विजेची घरच्यासारखी वीज करून देणारं यंत्र) चालवायचे, की बॅटरीतून थेट १२ व्होल्टवर? छताचं पॅनल बसवण्याआधी पंधरा दिवस इन्व्हर्टरवर तात्पुरते दिवे लावून पाहिले. दिवे हवे तसे मिळतात, हा त्याचा फायदा. पण एकही दिवा लागलेला नसताना माझ्या बॅटरी मॉनिटरवर ०.८ ॲम्पिअर दिसायचे. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं तर ३ वॉटचा दिवा लागावा, एवढ्यासाठी इन्व्हर्टर रात्रभर चालू. चोवीस तासांचे झाले १९ ॲम्पिअर-तास. माझी बॅटरी १०० ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड आहे. ती टिकायला हवी असेल तर निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ५०. त्यातले १९ नुसते वाया घालवायला मन तयार होईना. थेट १२ व्होल्टचा निर्णय तिथेच झाला, आणि त्याचा आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

छताला ३ वॉटचे सहा एलईडी आणि पलंगाशी २ वॉटचे दोन वाचनाचे दिवे आहेत. हे सगळे एकदम लावले तरी २२ वॉट, म्हणजे पावणेदोन-दोन ॲम्पिअर. चार तासांचे ७-८ ॲम्पिअर-तास. आधी तिथे २१ वॉटचे बल्ब होते. तसे सहा लावले की साडेदहा ॲम्पिअर जायचे. बाहेरची वीज जोडली की चार्जर बॅटरीही भरतो आणि हेच दिवे चालवतो, त्यामुळे दिव्यांचा दुसरा संच लागत नाही.

आता चूक कुठे झाली ते. ‘१२ व्होल्ट’ हे फक्त नाव आहे, हे मी पुरेसं मनावर घेतलं नाही. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी शांत असताना १२.७ दाखवते, पण चार्ज होताना १४.४ च्या आसपास जाते. छताचे दिवे मी १० ते ३० व्होल्ट चालणारे घेतले होते, ते आजही ठणठणीत आहेत. ओट्यावरच्या कपाटाखाली मात्र साधी १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवली. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी चार्जर चालू असताना पट्टीतले बरोबर तीन ठिपके एकदम विझले. आठवड्याने शेजारचे तीन. नीट पाहिल्यावर रचना कळली: तीन एलईडी एकामागे एक आणि सोबत करंट आवरणारा एक रेझिस्टर, असे गट. तिघांना मिळून साधारण ९ व्होल्ट लागतात, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. १४.४ आले की रेझिस्टरवर ५.४ पडतात, म्हणजे करंट दीडपटीहून जास्त. चिकटपट्टीवर बसलेल्या एलईडीला ती उष्णता कुठे टाकता येणार? आता नव्या पट्टीच्या आधी स्थिर १२ व्होल्ट देणारा छोटा रेग्युलेटर बसवला आहे, आणि एकही ठिपका गेलेला नाही.

वायरबाबत हात आखडता घेऊ नका, ही कळकळीची विनंती. मागच्या खोलीतली लांब पट्टी २ ॲम्पिअर घेते आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. जाणं-येणं मिळून १२ मीटर वायर. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच जातो. दीडच्या वायरीत तो एक तृतीयांशावर येतो. घरच्या विजेवर एवढ्याने काही बिघडत नाही. इथे पट्टी डोळ्यांना मंद दिसते. फ्यूज बॅटरीजवळच आणि वायरीला झेपेल तेवढ्याचाच हवा, कारण तो दिव्यासाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो. जुन्या वायरींच्या रंगावरही विसंबू नका. जुन्या बल्बला उलटसुलट जोडलं तरी चालायचं, बऱ्याच एलईडींना चालत नाही. प्रत्येक टोक मीटर लावून तपासा.

उजेड कमी-जास्त करणारा पहिला डिमर दोन महिन्यांत काढला. दिवा मंद केला की रेडिओवर घरघर यायची आणि फोनच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसायचे. दुसऱ्या डिमरने दोन्ही त्रास थांबले. प्रकाशाचा रंग सगळीकडे ३००० केल्विन, पलंगाशी २७०० (आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). एवढ्या छोट्या जागेत पांढराफटक उजेड संध्याकाळी नकोसा होतो.

एक गोष्ट राहिलीच. छताच्या दिव्यांचा स्विच फक्त दाराशी आहे, पलंगाशी नाही. त्यासाठीची जादा वायर तेव्हा पॅनलमागे टाकून ठेवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता मागच्या कोपऱ्यातलं पॅनल उघडावं लागेल, आणि ते पावसाळ्याआधी करायचं आहे.