स्वयंपाकघरात बांबू: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर आम्ही साताऱ्यातल्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं. ओटा ग्रॅनाईटचाच ठेवला. बाकी जिथे एरवी प्लाय आणि सनमायका लागला असता तिथे शक्य तेवढा बांबू वापरला. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार पडलेत, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल. माझं मत आधीच सांगते. जिथे हवा खेळती असते आणि भिजलेलं लगेच वाळतं तिथे बांबूला तोड नाही. जिथे ओल कोंडून राहते तिथे तो लावूच नये, विकणारा काहीही म्हणो.

आमच्याकडे भिंतीवरची ताट-वाट्यांची मांडणी अख्ख्या काठ्यांची आहे. ट्रॉल्यांची आणि वरच्या कपाटांची दारं लॅमिनेटेड बांबू बोर्डची, म्हणजे बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळ्यांची. कांदे-बटाट्यांसाठी बुरुडाकडून विणून घेतलेल्या टोपल्या, सरकत्या चौकटीत बसवलेल्या. शिवाय एक चॉपिंग बोर्ड. सूप आणि रोवळी घरात आधीपासून होतीच.

सगळ्यात समाधान दिलं ते मांडणीने. तिच्यासाठी माणगा आणला, तळकोकणातून. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि त्याला काटे नसतात. भरीव असल्यामुळे स्क्रू नीट धरतो. कळक ही बांबूची दुसरी जात जाड दिसते, पण आतून पोकळ. तिच्यात स्क्रू घट्ट पिळला की काठी उभी उकलते. आमच्या सुतारकाकांनी प्रत्येक ठिकाणी आधी बारीक भोक पाडलं आणि मगच स्क्रू फिरवला, तेही पेराच्या जवळ. तरीही एप्रिलच्या कोरड्या उन्हात एका काठीला तडा गेलाच. दुपारी सामसूम असताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला. पाहिलं तर दोन पेरांमधल्या कांड्यावर केसाएवढी रेघ. बांबूचे धागे सगळे लांबीच्या दिशेने धावतात, त्यांना आडवं बांधणारं काही नसतं, म्हणून तो वाळताना असा उभाच फाटतो. काकांनी तिथे तांब्याची तार आवळून बांधली. ती रेघ पुढे सरकलेली नाही आणि मांडणी पूर्ण भाराने उभी आहे.

काठ्या प्रक्रिया केलेल्याच घ्या, यात तडजोड नको. बांबूत पिष्ट असतं आणि ते खायला बारीक भुंगा लागतो. तो आत शिरला की खाली पिठासारखा भुगा पडायला लागतो. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काठ्या बुडवून ठेवतात. बांबूची साल मेणचट असते, बाजूने काही आत मुरत नाही, म्हणून आतले पडदे सळईने फोडून घेतात किंवा ताज्या काठीत एका टोकाकडून द्रावण ढकलतात. विकत घेताना ‘ट्रीटमेंट कशी केली’ हे जरूर विचारा. नुसतं वरून वॉर्निश मारलेलं असेल तर त्याला प्रक्रिया म्हणता येत नाही.

सिंकखालच्या दाराचा अनुभव मात्र वाईट आला. बोर्ड देणाऱ्याने ‘पाणी लागलं तरी काही होत नाही’ असं ठासून सांगितलं होतं. आषाढात साताऱ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, ओट्याखाली तर कायमच दमट. श्रावण लागेपर्यंत त्या दाराची खालची कड फुगली. बोटाने दाबली की पट्ट्यांमधला जोड जाणवायचा, आणि आतल्या बाजूला काळे ठिपके धरले. खोलगट ठिपके नव्हते, पुसले की जायचे, पण चार दिवसांत परत यायचे. यामागचं कारण साधं आहे. बांबूत ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला रान मोकळं मिळतं. आणि बोरॅक्सची प्रक्रिया असली तरी ते मीठ पाण्यात विरघळणारं आहे, सतत ओल लागली की हळूहळू धुऊन निघतं. दुसरं म्हणजे कापलेल्या कडा. बोर्डच्या दोन्ही बाजूंना पॉलिश असतं, पण कड आणि बिजागरीची भोकं उघडी राहतात, पाणी तिथूनच आत शिरतं. आम्ही ते दार काढून ॲल्युमिनियमचं लावलं. बाकीच्या दारांच्या सगळ्या कडांना पुन्हा पॉलिश करून घेतलं, आणि ती सगळी ठणठणीत आहेत. गॅसच्या बाजूचं दारसुद्धा. त्याच्यात आणि शेगडीत हातभर अंतर आहे, ते ठेवाच.

टोपल्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. बंद ट्रॉलीत कांद्यांना घाम सुटतो. टोपलीत चारी बाजूंनी हवा लागते, या पावसाळ्यात एकही कांदा सडून पाणी सुटलेला निघाला नाही. पण एका टोपलीखाली वैशाखात तो पांढरा भुगा दिसला. ज्यांनी विणून दिल्या त्या मामांना दाखवली. ते म्हणाले, “वहिनी, ही आतल्या गाभ्याच्या कामट्यांची आहे, किडा गोड भागालाच लागतो. तुम्हाला सालीकडच्या कामट्यांची देतो.” त्यांनी बदलून दिली, ती अजून स्वच्छ आहे. सासूबाईंनी यावर एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. पूर्वी दुरड्या आणि सुपं चुलीच्या वर टांगलेली असायची, धुराने काळी पडायची आणि वर्षानुवर्षं टिकायची. धुराने बांबू वाळतो आणि किडा लागत नाही. आपल्या गॅसच्या स्वयंपाकघरात धूर नाही, म्हणून आता हे काम ऊन आणि वारा यांच्यावर सोडावं लागतं. अन्नाला थेट लागणाऱ्या रोवळीला किंवा सुपाला मी कोणतंही रसायन लावत नाही. धुऊन उभी करून वाळवते, एवढंच.

चॉपिंग बोर्ड बरा आहे, थोर नाही. बांबूत सिलिका असते, त्यामुळे सुरीची धार लाकडी पाटापेक्षा लवकर जाते. सांगलीची हळद एकदा सांडली तेव्हा वाटलं डाग कायमचा बसला, पण दोन दुपारी उन्हात ठेवल्यावर फिका होत गेला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. बोर्डाला मी जवसाचं कच्चं तेल चोळते, ते वाळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल लावू नका, चिकट होतं आणि खवट वास धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेलही नको, त्यात वाळवणारी धातूंची संयुगं असू शकतात. आणि एक महत्त्वाचं: जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

‘बांबू फायबर’च्या नावाने मिळणारे रंगीत कप-बशा आम्ही घेतल्या नाहीत, तुम्हीही घेऊ नका. बऱ्याचदा ते बांबूची भुकटी मिसळलेलं मेलामाइनचं प्लास्टिक असतं आणि गरम चहात त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड ही अपायकारक रसायनं उतरू शकतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा भांड्यांविरुद्ध मोहीमच उघडली होती.

पर्यावरणासाठी बांबू घेताय तर तो कुठून आला तेही बघा. बाजारातला बराचसा लॅमिनेटेड बोर्ड चीनमधल्या मोसो बांबूचा असतो आणि पट्ट्या चिकटवायला रेझिन लागतं; त्यातून हवेत सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची श्रेणी आहे का, हे विचारून घ्या. आमचा बोर्ड चांगल्या मरीन प्लायपेक्षाही महाग पडला. पुन्हा करायचं झालं तर मी दारंसुद्धा सागाच्या चौकटीत बांबूची चटई बसवून करेन. काठी तोडली तरी बेट जिवंत राहतं आणि दरवर्षी नवे कोंब देतं, हा बांबूचा खरा गुण. २०१७ साली कायदा बदलून वनाबाहेरचा बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून काढला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं. पाटण, जावळीच्या पावसाच्या पट्ट्यात तो चांगला येतो. तो पैसा तिथल्या शेतकऱ्याकडे आणि विणणाऱ्या बुरुडाकडे गेला तर मला जास्त आनंद आहे.

कुणाला करायचंच असेल तर तयारीला आता लागा. पावसाळ्यात कोंब वाढत असताना तोडलेला बांबू घेऊ नका. थंडीत तोडलेला, तीन-चार वर्षं जून झालेला घ्या. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि चौकट सैल पडते. जून काठीवर पांढुरके डाग असतात आणि बुडाशी कोंबाची पानवेष्टनं उरलेली नसतात. प्रक्रियेनंतर काठ्या सावलीत उभ्या करून नीट वाळू द्या, घाई करू नका. तोवर ओट्याचं आणि प्लंबिंगचं काम उरकून घेता येतं.