मेडिक्लेम घेऊन काही महिने झाले, एक क्लेमही झाला: नाशिकमधला अनुभव

गेल्या नवरात्रात अंबडची नोकरी सोडून स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. नोकरीबरोबर कंपनीचं ग्रुप कव्हर, म्हणजे कंपनीने सगळ्या कामगारांचा एकत्र काढलेला विमा, तोही गेला. मग बायको, मुलगी आणि मी असा तिघांचा १० लाखांचा फ्लोटर (तिघांत मिळून एकच विमा रक्कम) घेतला आणि आईची वेगळी ५ लाखांची पॉलिसी. वेळ एवढी बरी होती की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला होता. तिघांचा प्रीमियम वीस हजारांच्या आत बसला. एकट्या आईचा त्याच्या दीडपटीहून जास्त.

पॉलिसी ठरवताना सगळ्यात उपयोगी माहिती एजंटकडून नाही, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून मिळाली. टीपीए डेस्क म्हणजे विम्याचे क्लेम बघणारी खिडकी; बिल कंपनीने परस्पर हॉस्पिटलला भरलं की ते कॅशलेस. इंदिरानगरातून आम्ही रात्री-अपरात्री जाऊ ते हॉस्पिटल मुंबई नाक्याच्या बाजूला. तिथे जाऊन सरळ विचारलं, “ताई, कोणत्या कंपनीचं कॅशलेस तुमच्याकडे बिनबोभाट होतं?” बाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग दोन नावं घेतली आणि एका नावावर नुसतंच हसल्या. माझ्या यादीत तेच नाव सगळ्यात वर होतं, कारण सगळ्यात स्वस्त. तिथेच काट मारली. कॅशलेस चालणाऱ्या, म्हणजे नेटवर्क हॉस्पिटलांचा आकडा दहा हजार असो की पंधरा, आपल्याला घराजवळची दोन-तीनच लागतात.

दुसरी गोष्ट रूम रेंटची. स्वस्त पॉलिसीत रोजच्या खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा असते. ५ लाखांवर ती ५,००० रुपये. तुम्ही ७,५०० ची खोली घेतली तर वरचे अडीच हजार खिशातून जातील, एवढंच आपण धरून चालतो. पण ५,००० ला ७,५०० च्या त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर या खर्चांचेही दोन तृतीयांशच पैसे मिळतात. हे खर्च दीड लाखाचे असतील तर पन्नास हजार गेले. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, आयसीयूलाही नाही. तरी मी म्हणेन, हजार-दोन हजार जास्त भरा, पण ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ लिहिलेलीच पॉलिसी घ्या.

नाशिककरांनी आणखी एक कलम आवर्जून वाचावं: झोन. काही कंपन्या शहराप्रमाणे प्रीमियम ठरवतात. आपल्याला मुंबईपेक्षा कमी पडतो, म्हणून आपण खूश. पण मोठं दुखणं निघालं की नाशिकचा माणूस कसारा घाट उतरतोच, आणि अशा पॉलिसीत मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागू शकतो. म्हणून देशभर एकच दर असलेली पॉलिसी घेतली.

आईला बीपी आणि शुगर. एका एजंटने सल्ला दिला, “बीपी लिहू नका हो, कोण तपासतंय?” त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही गळून पडतं, आणि मधल्या पाच वर्षांत काही झालं तर काय? सगळं लिहिलं, तपासण्या झाल्या, प्रीमियम वाढला, २० टक्के को-पे आला, म्हणजे प्रत्येक क्लेमचा एवढा हिस्सा आमच्या खिशातून. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड (तोवर त्यांचा खर्च मिळत नाही) २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा झालाय, पूर्वी चार होता. आईला तो पूर्ण तीन वर्षांचाच लागला. ती ७१ वर्षांची असल्याने सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घेतलं. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत उपचार, तेही फुकट. फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं.

आता क्लेम. नोव्हेंबरात बायकोला डेंग्यू झाला. पहिल्या ३० दिवसांचा वेटिंग पिरियड नुकताच सरला होता. प्लेटलेट्स उतरायला लागल्यावर डॉक्टरांनी अ‍ॅडमिट करायला सांगितलं. पहिली मंजुरी तासाभरात आली. वैताग आला तो डिस्चार्जच्या दिवशी. डॉक्टर सकाळी अकराला ‘घरी जा’ म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो दिवेलागणीला. अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम आहे, पण ते तास हॉस्पिटलने बिल पाठवल्यापासून मोजतात, आणि आमचं बिल गेलंच दुपारी तीनला. तेव्हा कंपनीला फोन करून शिव्या घालण्याआधी बिलिंगच्या खिडकीशी उभं राहा. फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते बघा.

अठ्ठेचाळीस हजारांच्या बिलातले तीन हजारांच्या आसपास आम्ही भरले: ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन, माझं जेवण. ग्लोव्हजसारख्या वस्तूंसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन मिळतं, ते पुढच्या वर्षी जोडणार. घरी आल्यावरच्या रक्ततपासण्या आणि औषधंही पॉलिसीत होती. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख नाही म्हणून कागद एकदा परत आले. तारीख टाकून पाठवल्यावर पैसे खात्यात जमा झाले.

तिघांची पॉलिसी आहे तीच ठेवणार. आईची मात्र पोर्ट करता येते का, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येते का, ते बघतोय. को-पे कमी असलेली दुसरी कंपनी तिला घेईल याची खात्री नाही, पण पोर्ट झाली तर वेटिंग पिरियडचं सरलेलं वर्ष तरी वाया जात नाही. रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायला सांगतात, म्हणजे जुलैअखेरीलाच कागद काढून बसावं लागेल.