कूलर की एसी, नागपुरात काय घ्यायचं

मावसभाऊ पुण्याहून बदली होऊन मानेवाड्याला आला, कालपासून एकच विचारतोय, दादा कूलर घेऊ की एसी.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, म्हणून मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो पण हवा एकदम कोरडी, गच्चीवर टाकलेली चादर बघताबघता कडक होते. अशा हवेत ताटीवरच्या पाण्याची वाफ झटकन होते नि ती हवेतली उष्णता ओढून घेते, म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे मस्तच चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवायची नाहीतर दमट होतं. वीज कूलरला साधारण 200 वॉट, दीड टनी एसीला 1500 च्या घरात. मेहनत मात्र कूलरची, रोज पाणी, आठवड्याला टाकी घासून कोरडी करायची, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

जूनमध्ये पाऊस लागला की कूलर बंदच करा, नुसती चिकचिक.

कूलर बाहेरची हवा ओढतो, रस्त्यालगत घर असेल तर धूळ-धूर आत येणारच. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, पण बारीक कण त्याच्या जाळीत अडकत नाहीत.

भाड्याचं घर, मोकळी खिडकी, उन्हाळ्यापुरतं हवं असेल तर कूलर. रस्त्यावरचं घर, बंदिस्त खोली किंवा पावसाळ्यातही झोप हवी असेल तर एसी.