जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राचा हा अनुभव. कागदावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, बोलण्यात डीईआयसी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली (आरबीएसके) ही जागा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कानाची तपासणी, वाचा-उपचार, मानसशास्त्रज्ञ हे सगळं एका ठिकाणी आणि मोफत. आमचं मत आधीच सांगतो: केंद्र जरूर वापरावं, पण आठवड्यातल्या एका बैठकीने मूल सुधारत नाही. घरी रोज काय होतं आणि तारीख चुकते की नाही, यावर बहुतेक सगळं ठरतं.

अंगणवाडीत आरबीएसकेचं पथक वर्षातून दोनदा येतं. शाळकरी मुलाला ते पुरेल, पण वर्षाच्या आतल्या बाळासाठी सहा महिने फार झाले. चार महिने उलटून मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, तर पथकाच्या गाडीची वाट न पाहता थेट केंद्रात जावं. आम्ही वापरलेल्या केंद्रात संदर्भ चिठ्ठी नसली तरी केसपेपरवर घेतात. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बाळ काचेत होतं तर तिथलं डिस्चार्ज कार्ड न्यावं. हे शेवटचं कार्ड लोक घरीच विसरतात. जन्माचं वजन, बाळ रडलं का, कावीळ किती होती, ऑक्सिजन किती दिवस लागला, हे तिथेच लिहिलेलं असतं. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर जन्मापासून चार आठवड्यांत डोळ्यांचा पडदा तपासलेला असायलाच हवा. फारच लवकर जन्मलेल्यांचा त्याहून आधी. इथे उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

कानाच्या तपासणीसाठीची खेप सर्वांत जास्त वेळा वाया जाते. कारण साधं आहे: बाळ झोपलेलं लागतं आणि ते एसटीतच झोपून घेतं. प्रवासात जागं ठेवावं, दूध केंद्रात पोचल्यावर पाजावं, मग ते तिथे झोपतं. आधीचे काही दिवस कानात तेल घालू नये. तेल-मळाने नळी अडते आणि यंत्र ‘रेफर’ दाखवतं. रेफर म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही. पुन्हा तपासणी, गरज पडली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी तपासणी. मात्र तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र कानावर, ही घाई खरी आहे. बोलणं त्यावर अवलंबून आहे.

या केंद्राचं सर्वांत चांगलं काम वाकड्या पावलांचं. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं वळवून मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतात. साधारण पाच-सहा प्लास्टर लागतात, मग बहुतेकांना टाचेच्या शिरेवर छोटा छेद आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. घरी रोज बोटं पाहावीत. बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. बोटं निळी-पांढरी पडली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावं. घसरलेलं प्लास्टर पायाला इजा करतं. मे महिन्यात आतून घाम येतो, पण पावडर ओतू नये आणि काडीने खाजवू नये.

घात होतो तो पुढे. पाय सरळ दिसू लागला की बूट-पट्टी, म्हणजे प्लास्टरनंतर घालायचे पट्टीने जोडलेले दोन बूट, सुटते. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर चार वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत, असं ते घालायचं असतं. पहिले दोन-तीन दिवस बाळ रडतं, तेव्हा आजी काढायला सांगते. तिचा जीव तुटतो हे खरंच, म्हणून पहिल्या दिवशी तिलाच केंद्रात न्यावं. फिजिओथेरपिस्टकडून तिने एकदा ऐकलं की घरात बूट टिकतो.

मान धरण्यासाठी महागडं सामान लागत नाही. टॉवेलची गुंडाळी छातीखाली, बाळ पालथं, समोर वाजणारा डबा. तीन-चार मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दूध पाजल्यावर लगेच नको. बसण्यासाठी भिंतीचा कोपरा आणि दोन्ही बाजूंना गोधड्या. अंग ताठ असलेल्या मुलाला आडवं ठेवून पेज पाजू नये, ठसका लागून ती छातीत जाते. चाकांचं गोल वॉकर आणू नये. मूल त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, चालायला शिकत नाही. लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहून ढकलायचा असतो. पण मूल स्वतः धरून उभं राहू लागल्यावरच.

उणिवाही आहेत. आठ महिन्यांपैकी काही महिने वाचा-उपचाराची जागा रिकामी होती. फिजिओथेरपिस्ट बदलले की व्यायाम बदलतात, म्हणून प्रत्येक बैठकीचा व्यायाम वहीत लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर चित्रित करावा. मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांना आठवड्यातली एक बैठक कमीच पडते. लातूरजवळ हरंगुळला अशा मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे, तसं प्रत्येक जिल्ह्यात हवं.

बीड, धाराशिवकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. बूट-पट्टीतलं मूल असेल तर निघण्याआधी एक फेरी कराच. बूट लहान व्हायच्या बेतात असेल तर माप देऊन पुढच्या मापाचा मागून घ्यावा, फाइलची झेरॉक्स ठेवावी आणि अंगणवाडीताईंना त्यांच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करायला सांगावं, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीत आहार आणि वजन चालू राहतं. फडावर मूल दिवसभर पाचटावर असतं. बुटाचे पट्टे रोज रात्री पुसून, आत खडा-कुसळ नाही ना हे बघून, टाच तळाला टेकल्यावरच बांधावेत.