हेल्मेटमधला ब्लूटूथ हेडसेट : हजाराची पट्टी, चार हजारांचा इंटरकॉम की त्याहून वरचा?

दुकानात किंवा ऑनलाइन हेडसेट बघताना नजर आधी रेंज आणि बॅटरीच्या आकड्यांवर जाते. त्याआधी आपलं हेल्मेट उलटं करून बघा. गालाकडची पॅडं बहुतेक हेल्मेटांत टिचबटणांवर बसलेली असतात, ओढली की निघतात. ती काढल्यावर कानाच्या जागी थर्माकोलमध्ये गोल खाच दिसते का? दिसली तर मोजपट्टीने तिची रुंदी आणि खोली मोजा. बाजारातले बहुतेक स्पीकर ४० मिमी व्यासाचे आणि ८ ते १० मिमी जाडीचे असतात. खाच तेवढी खोल नसेल तर स्पीकर कानाच्या पाळीवर दाबतो आणि अर्ध्या तासात कान ठणकायला लागतो. हेडसेट कितीही भारी असो, त्यात फरक पडत नाही.

खाच नाही म्हणून ब्लेडने थर्माकोल कोरायचा प्रकार सर्रास चालतो. तो करू नका. धडक बसल्यावर चेपून डोकं वाचवतो तो तोच थर, आणि हेल्मेटवरचा आयएस ४१५१ चा शिक्का न कोरलेल्या हेल्मेटला मिळालेला असतो. खाच नसलेल्या हेल्मेटसाठी पातळ, चपट्या स्पीकरची पट्टी (खालचा पहिला वर्ग) घ्यायची, नाहीतर पुढचं हेल्मेट घेईपर्यंत थांबायचं.

तीन वर्ग

साधारण ८०० ते १५०० रुपयांत मिळते ती पट्टी : दोन चपटे स्पीकर, एक माईक आणि वायरने जोडलेली छोटी बॅटरी. बीटी-१२ वगैरे नावांनी एकच माल वेगवेगळ्या खोक्यांत येतो. गाणी, फोन आणि मॅप्सचा आवाज एवढंच तिचं काम, आणि ते ती बऱ्यापैकी करते. दुखणं वायरचं. स्पीकर, माईक आणि बॅटरी एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. अस्तर धुवायला काढताना एक वायर तुटली की अख्खा नग बाद.

३००० ते ६००० च्या पट्ट्यात ईजियास, फ्रीडकॉन, लेक्सिन अशा चिनी कंपन्यांचे इंटरकॉम, म्हणजे एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटशी थेट बोलता येणारे हेडसेट, येतात. मुख्य डबी हेल्मेटच्या बाहेर डाव्या बाजूला बसते (उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणून डावी) आणि स्पीकर-माईकची वायर पिनने निघते. सुटी वायर मिळत असेल तर नग वर्षानुवर्षं चालवता येतो. म्हणून घेण्याआधी शोधायचं ते हे : याच मॉडेलची स्पीकर-माईकची वायर वेगळी विकत मिळते का?

त्यावर कार्डो आणि सेना या परदेशी कंपन्या आणि बेंगळुरूची ब्लूआर्मर. इथे पैसे मोजायचे ते मुख्यतः पाण्यापासूनच्या बचावाचे, सॉफ्टवेअर अपडेटचे आणि वरच्या मॉडेलांत मेशचे (ग्रुपमधल्या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारं जाळं).

आणि कानात घालायचे साधे इअरबड? हेल्मेट चढवताना ते वाकडे होतात, काढताना निसटून रस्त्यावर पडतात आणि बटण म्हणून जो स्पर्श लागतो तो हेल्मेटच्या आतून करता येत नाही. एखाद्या दिवशी चालतील, रोज नाही.

रेंजचा आकडा

कार्डोचा स्पिरिट हा त्यांचा सुरुवातीच्या पायरीचा इंटरकॉम. त्याची रेंज कंपनी ४०० मीटर सांगते, स्पिरिट एचडीची ६०० मीटर. त्याच्या निम्म्याहून कमी किमतीच्या डब्यांवर १००० आणि १२०० मीटर छापलेलं असतं. लहरी दोघांच्याही २.४ गिगाहर्ट्झच्याच, त्यामुळे हे गणित जुळत नाही. हा आकडा मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसताना मिळणारा असतो. माणसाचं शरीर या लहरी शोषतं, डोंगर अडवतो. ताम्हिणीसारख्या घाटात पुढची गाडी वळणाआड गेली की आवाज गेला, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. छापील आकड्याचा तिसरा हिस्सा धरून चाला.

मागे बसणाऱ्याशीच बोलायचं असेल तर अंतर जेमतेम दीड फूट. तिथे रेंजसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, जोडीत मिळणारा सर्वात साधा इंटरकॉम पुरे.

‘६ रायडर’ हा शब्दही नीट वाचावा. ईजियासच्या व्ही-६ प्रो सारख्या यंत्रात सहा जणांची जोडणी साठवता येते, पण एका वेळी बोलतात दोघंच. तिसऱ्याशी बोलायचं तर बटण दाबून दुवा बदलायचा. खरोखर चार-सहा जणांनी एकत्र बोलायचं असेल तर दोन रस्ते आहेत. साखळी पद्धतीत एकाला एक जोडलेला असतो, मधला मागे पडला की पलीकडचे सगळे तुटतात. मेशमध्ये एक जण गेला तरी उरलेले आपसात जोडलेले राहतात. ब्लूआर्मरच्या सी-३० मध्ये मेश आहे. वर्षातून दोनदा ग्रुप राइड करणाऱ्याने एवढ्यासाठी तिप्पट पैसे घालावेत असं आम्हाला वाटत नाही. दर रविवारी निघणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे नग घेतले तर? ‘युनिव्हर्सल इंटरकॉम’ने जुळतात खरे, पण त्यात एक हेडसेट दुसऱ्याला फोन समजून जोडतो. म्हणजे फोनची एक जागा तिथे जाते, आणि कोणाचा फोन आला की काही यंत्रांत इंटरकॉम तुटतो. जोडीनेच घ्यायचे तर एकाच मॉडेलचे घ्या.

आवाज

‘आवाज बारीक येतो’ ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि बऱ्याचदा दोष यंत्राचा नसतो. स्पीकर कानाच्या भोकासमोरून सेंटीमीटरभर सरकला तरी ठेका गायब होतो. हेल्मेट हातात धरून अंदाजाने चिकटवला की तो हमखास चुकतो. त्यापेक्षा हेल्मेट डोक्यावर घाला, खालून बोट आत सरकवून कानाच्या भोकासमोर पॅडला जिथे बोट टेकतं तिथे खडूने खूण करा आणि मग पॅड काढून स्पीकर लावा. तरी अंतर राहिलं तर सोबत आलेल्या फोमच्या चकत्या मागे घालून स्पीकर पुढे आणा. पाळीला तो टेकावा, दाबू नये. वेल्क्रो लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून वाळवा आणि चिकटवल्यावर रात्रभर तशीच ठेवा. लगेच गाडी काढली की उन्हात डिंक सुटतो.

ताशी ८०-९० च्या पुढे हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पलीकडे जातो. ८५ डेसिबल रोज आठ तास ही कानासाठी सुरक्षित मानलेली मर्यादा. वाऱ्यावर मात करायला गाणी वाढवत नेली तर कानाचं नुकसान दुप्पट. लांब पल्ल्याला फोमचे साधे इअरप्लग घालून त्यावरून हेडसेट ऐका. वारा दबतो, आवाज कमी ठेवूनही शब्द स्पष्ट कळतात.

इंटरकॉम चालू असताना गाणं एकदम टेलिफोनवरून आल्यासारखं वाटू लागलं तर यंत्र बिघडलेलं नाही. संभाषणासाठी ब्लूटूथ कमी दर्जाच्या एकेरी आवाजावर जातं, आणि स्वस्त यंत्रांना दोन्ही एकत्र नीट मिसळता येत नाहीत.

मॅप्सची एक खोड सगळ्याच स्वस्त पट्ट्यांत सापडते. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ मधलं ‘दोनशे मीटरवर’ गिळलं जातं, कारण शांततेत हेडसेट झोपतो आणि जागा व्हायला सेकंदभर घेतो. मागे अगदी हळू गाणं चालू ठेवलं की तो झोपत नाही.

माईक

बंद हेल्मेटला बटणासारखा वायरवाला माईक, हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. हाफ-फेस आणि वर उघडणाऱ्या मॉड्युलर हेल्मेटला दांडीवाला. बरेच नग दोन्ही देतात, काही एकच देतात, तेव्हा खोक्यात काय आहे ते वाचा. दांडीच्या माईकवर एका बाजूला ठिपका किंवा बाण असतो, ती बाजू ओठांकडे हवी. उलटी लागली की समोरच्याला फक्त वारा ऐकू जातो. फोमची टोपी हरवली तरी तेच. हाफ-फेसमध्ये ५०-६० च्या वेगानंतर कोणताही स्वस्त माईक धड चालत नाही. सीव्हीसी, डीएसपी ही गोंगाट गाळणाऱ्या तंत्रांची नावं खोक्यावर असली तरी.

पाऊस आणि बॅटरी

पाण्यापासूनचा बचाव खोक्यावर आयपी आकड्याने लिहितात : आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे पाण्याची धार, आयपी-६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने ५ च्या खाली बघू नये. पण पाणी बहुतेक वेळा शिरतं ते चार्जिंगच्या तोंडाची रबरी झडप उघडी राहिल्याने. भिजून आल्यावर तोंड पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही. ओल्या पिना गंजतात आणि मग ‘चार्जच होत नाही’ सुरू होतं.

चार्जिंग टाइप-सी असलेलाच घ्या. काही पट्ट्या चार्जर लावला की बंदच होतात, म्हणजे पॉवर बँकेवर वाटेत चालवता येत नाहीत. परतीची मुदत असेपर्यंत हे तपासून बघा. एप्रिल-मे मध्ये हेल्मेट उन्हात गाडीच्या आरशावर लटकवून ठेवलं की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

कोणी काय घ्यावं

दिवसभर डिलिव्हरीवर असणाऱ्याला पट्टीच योग्य. ऑर्डरचा फोन आणि मॅप्स एवढंच लागतं, आणि वर्षा-दीड वर्षात बदलायची तयारी ठेवली तरी हिशोब परवडतो. जोडप्याने मधल्या वर्गातला जोडीचा नग घ्यावा. एकट्याने हायवेवर फिरणाऱ्याला इंटरकॉमची गरजच नाही. त्याने इंटरकॉमचे पैसे खाच असलेल्या चांगल्या हेल्मेटमध्ये घालावेत आणि त्यात पट्टी बसवावी. पावसातही न थांबणाऱ्या, ग्रुपने फिरणाऱ्यांनी मात्र मधल्या वर्गात रेंगाळू नये, थेट वरचा बघावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्क-साधन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं आहे. हेल्मेटचा हेडसेट हातात धरावा लागत नाही, पण कॉल घ्यायला फोन खिशातून काढला तर ते कलम लागू होतं. म्हणून हातमोजा घालूनही चाचपून सापडेल असं मोठं बटण असलेलाच नग निवडा. सपाट, स्पर्शाची बटणं पावसात आणि जाड हातमोज्यात दाद देत नाहीत.