घरी प्रिंटरचं शाईचं कार्ट्रिज भरायला लागून अकरा महिने झाले, त्याचा अनुभव

मागच्या जूनमध्ये घेतलेलं काळं कार्ट्रिज अजून प्रिंटरमध्येच आहे. काल ते नवव्यांदा भरलं. रंगीत मात्र दुसरं चालू आहे. पहिलं माझ्या चुकीमुळे जळालं, ते पुढे सांगते.

मी नागपुरात मानेवाड्याला घरीच आठवी ते दहावीची शिकवणी घेते. आठवड्याला चाळीस-पन्नास पानं निघतात. काळं कार्ट्रिज मला साडेआठशेला पडलं आणि त्यात जेमतेम दोनशे पानं आली. म्हणजे पानामागे चार रुपये नुसत्या शाईचे, आणि चौकातला झेरॉक्सवाला दोन रुपयांत पान देतो. हा हिशोब लागल्यावर मी बर्डीच्या बाजारात जाऊन शाईच्या बाटल्या आणल्या. दुकानदार म्हणाले, "कायले भरत बसता मॅडम? चार दिवसांत हेड जाईल, मंग नवीनच घ्याल." हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, गेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काळं भरणं सोपं आहे. वरचं लेबल हलकेच उचललं की खाली छिद्र दिसतं. पाच मिलीच्या सिरिंजने सुई स्पंजमध्ये अर्ध्यापर्यंत घालायची आणि शाई अगदी सावकाश सोडायची, नाहीतर स्पंजमध्ये हवा अडकते. छिद्राशी शाई दिसली की थांबायचं. किती भरलं हे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बघते. नवं कार्ट्रिज आणि संपलेलं कार्ट्रिज यांत चार-पाच ग्रॅमचाच फरक असतो, त्यामुळे नव्याचं वजन आधी लिहून ठेवलं असलं तर जास्त भरलं जात नाही. भरलं तरी कॉम्प्युटर ते कार्ट्रिज रिकामंच दाखवत राहतो. माझ्याकडे ओके दाबलं की छपाई सुरू होते. कॅननच्या बऱ्याच प्रिंटरांत त्यासाठी स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरावं लागतं. एकदा असं केलं की पातळी सांगणारं कोणी उरत नाही, काटाच सांगतो.

पहिल्या वेळी भरून झाल्यावर मी छिद्रावर सेलोटेप घट्ट चिकटवला. पान अर्ध्यापर्यंत ठसठशीत यायचं आणि पुढे फिकट होत जायचं. आठवडाभर मला वाटत होतं की शाईच खराब निघाली. खरं कारण असं की लेबलखाली हवा आत जायला बारीक खाचा असतात. त्या बंद झाल्या की आत निर्वात तयार होतो आणि शाई खाली उतरत नाही. आता मूळ लेबलच परत लावते.

रंगीतमध्ये तीन कप्पे असतात आणि कोणत्या छिद्राखाली कोणता रंग हे कार्ट्रिजगणिक बदलतं. टूथपिक घालून टोकाचा रंग बघितल्याशिवाय सुई घालू नका. प्रत्येक कप्प्यात दोन मिली पुरे. भरल्यावर खालची बाजू टिश्यूवर क्षणभर टेकवायची. तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले की झालं. कार्ट्रिज टिश्यूवर उभं ठेवून विसरलात तर टिश्यू आतली शाई ओढत राहतो आणि रंग एकमेकांत शिरतात. माझा पिवळा असाच एकदा शेवाळी झाला होता.

शाईची निवड सर्वांत महत्त्वाची. सुरुवातीला मी काळ्यातही 'सगळ्या प्रिंटरांना चालते' अशी डाय शाई भरली. जुलैत मुलं पावसात सायकलवर यायची. एका मुलीने दप्तरातून पेपर काढला तर त्रिकोणमितीची अख्खी बाजू जांभळट पाण्यात वाहून गेलेली. ती रडवेली झाली आणि मलाही फार वाईट वाटलं. डायमध्ये रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे ओल लागली की पसरतो. पिगमेंटमध्ये रंगाचे कण तरंगत असतात, ते कागदावर बसले की सहसा हलत नाहीत. माझ्या कार्ट्रिजमध्ये मुळात पिगमेंट काळी होती, तीच भरायला हवी होती. बदलताना जुनी डाय पूर्ण धुऊन काढली, कारण दोन्ही मिसळल्या तर गाठी धरू शकतात.

आता धुण्याबद्दल. दिवाळीत बारा दिवस माहेरी अमरावतीला होते. परत आले तर पानावर पांढऱ्या रेघा. प्रिंटरचं क्लीनिंग तीनदा चालवलं. त्याने शाई संपली, रेघा तशाच राहिल्या. मग कार्ट्रिज बाहेर काढून बोअरच्या पाण्यात बुडवलं आणि अजून बिघडलं. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो तेच क्षार या पाण्यात असतात, आणि नोझलचं, म्हणजे ज्यातून शाई बाहेर पडते त्या छिद्राचं, तोंड तर केसाहून बारीक. तेव्हापासून फक्त डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानातून सीलबंद बाटली.

पाणी छोट्या गंजात बोटाला सोसेल इतकंच कोमट करते. उकळतं नको, डिंकाने चिकटवलेले भाग सुटतात. बशीत टिश्यूची चौपदरी घडी, त्यावर दोन-तीन मिलिमीटर पाणी, आणि त्यात नोझलची बाजू टेकवून दहा मिनिटं. नोझलच्या सोनेरी पट्टीवर वाळलेली शाई सुटायला लागली की पाण्यात धुरासारखी रेघ उतरते. ती दिसली की काम झालं असं समजा. पट्टी घासायची नाही, कापसाचे तंतू आत जातात. एवढ्याने नाही भागलं तर शाई भरण्याच्या किटमधल्या रबरी क्लिपला सिरिंज लावून खालून हळूहळू ओढायचं.

आतला स्पंजच धुवायचा असेल तर वरून पाणी सोडायचं आणि खालून ओढायचं, निर्मळ येईपर्यंत. काळ्याला माझी सात-आठ आवर्तनं लागली. नंतर स्पंजमध्ये पाणी उरतं आणि नवी शाई फिकट येते. त्यावर उपाय म्हणजे कार्ट्रिज टिश्यूत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जुन्या मोज्यात, नोझल मोज्याच्या तळाकडे. गच्चीवर जाऊन दहा-बारा वेळा जोरात गरगर फिरवते. टिश्यू ओलाचिंब निघतो. प्रिंटरशी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कोरड्या पुसून मगच आत बसवते.

रंगीत जळालं ते असं. एका मुलाच्या प्रकल्पाची पानभर चित्रं निघत होती, पिवळा संपत आला होता आणि मी छपाई चालू ठेवली. या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये नोझलपाशी इवलासा हीटर असतो. तो शाईला क्षणात उकळवतो, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. कॅननमध्ये १९७७ साली संशोधक इचिरो एंडो यांच्या हातून तापलेलं सोल्डरिंग आयर्न (डाक द्यायचं हत्यार) शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली, तिथून ही कल्पना निघाली. सिरिंज हातात घेतली की मला ते आठवतं. शाई नसली की त्या हीटरला थंड ठेवणारं काहीच उरत नाही. तो पिवळा नंतर कितीही धुतला तरी परत आला नाही. म्हणून वजन दीड ग्रॅमने उतरलं की मी रंगीत भरते, संपायची वाट बघत नाही. एप्सनचं तंत्र वेगळं आहे. तिथे शाई उकळत नाही आणि हेड प्रिंटरमध्येच असतं, त्यामुळे वरची पद्धत तिकडे लावू नका.

ज्यांची महिन्याला पाच-सहाशे पानं निघतात त्यांनी सरळ इंक टँकचा, म्हणजे बाटलीतली शाई थेट टाकीत ओतायचा, प्रिंटर घ्यावा. माझ्यासारख्या दोनशे पानांच्या कामाला हे पुरतं. शंभर मिली काळी शाई मला दीडशेला मिळाली आणि बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.

नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, वरच्या खोलीत तीन दिवस प्रिंटर बंद राहिला तरी काळ्यात रेघा यायच्या. नवतपा, म्हणजे मेअखेरीपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी मी तो खालच्या कूलरच्या खोलीत आणला. तिथे नोझल वाळत नाही, पण कागद सादळतो आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. म्हणून कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, लागतील तेवढेच काढते. दर सोमवारी चारही रंगांच्या पट्ट्यांचं एक पान काढते, मग मुलं असोत की सुट्टी. या नवतप्यात काळं एकदाही धुवावं लागलं नाही. आता शाळा उघडेल, तोपर्यंत निळा भरून ठेवायचा आहे.