व्यायामातील जळजळ आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर खेचताना दंडांत उठणारी आग आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या, जांभ्याच्या पायऱ्या उतरून समुद्रावर जाऊन आल्यानंतर, दुसऱ्या सकाळी आखडलेल्या मांड्या, या दोन्हींचे खापर सर्रास लॅक्टिक आम्लावर फोडले जाते. हे योग्य नाही.

जळजळ श्रम चालू असतानाच होते. स्नायू वेगाने ऊर्जा वापरतात तेव्हा त्यांत हायड्रोजन आयन (आम्लता वाढवणारे कण) व इतर द्रव्ये साचतात. दोर सैल सोडला की ती काही मिनिटांत ओसरते. रक्तातील वाढलेले लॅक्टेटही (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) साधारण तासाभरात पूर्ववत होते, म्हणून दुसऱ्या दिवसाच्या दुखण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

ते दुखणे साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होऊन 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व दाह निर्माण होतो. म्हणूनच धाप चढताना लागली तरी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. हेच श्रम काही दिवसांनी पुन्हा केल्यास त्रास बराच कमी होतो.

जळजळीला थोडी विश्रांती पुरते. आखडलेल्या मांड्यांना मात्र पडून राहण्यापेक्षा पुळणीवरचे सावकाश चालणे अधिक आराम देते, असे माझे ठाम मत आहे. परंतु वेदना असह्य असतील, सूज वाढत असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर तेल चोळत न बसता त्वरित डॉक्टरांकडे जावे.